ब्रिटनमधल्या छोट्या, स्वतंत्र बस कंपन्या कशा उभ्या राहिल्या आणि का संपल्या?

प्रश्न असा आहे: ब्रिटनमध्ये एकेकाळी बाजारपेठेच्या कितीतरी गावांत एखाद्या कुटुंबाची स्वतःची बस कंपनी असायची. पाच-दहा, फार तर चाळीसेक गाड्या, आणि गाडीच्या अंगावर घराण्याचं नाव. आज त्यांतल्या थोड्याच उरल्या आहेत. मोठ्या कंपन्यांनी त्यांना गिळलं एवढंच कारण आहे, की आणखी काही?

इंग्लंडमध्ये बस वाहतुकीची वेळापत्रकं आणि खर्चाचे हिशेब बसवणं हे माझं काम होतं, आणि ज्यांच्यासाठी ते केलं त्यांत छोट्या कंपन्या बऱ्याच होत्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठ्यांनी गिळलं, हे अर्धंच खरं आहे. बहुतेक छोट्या कंपन्या मालकांनी आपण होऊन विकल्या किंवा आपण होऊन बंद केल्या. त्या निर्णयाच्या मुळाशी जवळजवळ नेहमी एकच गोष्ट सापडते. गाड्या म्हाताऱ्या झालेल्या असतात, मालकही थकलेला असतो, आणि या दोघांच्या जागी नवं आणायला लागणारा पैसा कंपनीने कधी कमावलेलाच नसतो. वर्षानुवर्षं जो नफा दिसत होता, तो खरं तर न मोजलेला घसारा (गाडी जुनी होताना दर वर्षी घटणारी तिची किंमत) आणि मालकाचा न घेतलेला पगार होता. हे नीट समजायला सुरुवात उदयापासून करावी लागेल, कारण अस्ताचं बीज तिथेच आहे.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा दोन गोष्टी एकदम मोकळ्या झाल्या: सैन्याचे जादा ठरलेले ट्रक आणि सैन्यात मोटार चालवायला शिकलेले तरुण. गावाकडे आठवड्याच्या बाजाराला माल आणि माणसं नेणारे घोडागाडीवाले आधीपासून होतेच. त्यांच्यापैकी काहींनी आणि परतलेल्या सैनिकांपैकी काहींनी ट्रकच्या सांगाड्यावर बाकं बसवली आणि फेऱ्या सुरू केल्या. रेल्वे जिथे पोचत नव्हती किंवा स्टेशन गावाबाहेर दोन मैलांवर होतं, तिथे या गाड्यांना ताबडतोब प्रवासी मिळाले. लंडनमध्येही हेच घडलं, फक्त जास्त चुरशीने. ५ ऑगस्ट १९२२ ला आर्थर पार्ट्रिज यांनी आपली ‘चॉकलेट एक्सप्रेस’ बस बलाढ्य लंडन जनरल ऑम्निबस कंपनीच्या समोर उतरवली, आणि पाहता पाहता शेकडो स्वतंत्र गाड्या लंडनच्या रस्त्यावर आल्या. लोक त्यांना ‘पायरेट’, म्हणजे चाचे, म्हणत. १९३३ मध्ये शहरातली बस वाहतूक एका हाती घेणारं लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्ड स्थापन झालं आणि लंडनमधल्या स्वतंत्र बसवाल्यांचा हा अध्याय संपला.

लंडनबाहेर मात्र कायद्याने नेमकं उलटं केलं. १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने ट्रॅफिक कमिशनर नेमले आणि प्रत्येक रूटसाठी वेगळा परवाना लागू केला. नव्या माणसाला रूट हवा असेल तर त्याची गरज सिद्ध करावी लागे, आणि आधीचे बसवाले व रेल्वे कंपन्या हरकत घ्यायला समोर बसलेल्या असत. भाडं आणि वेळापत्रकही कमिशनरच्या मंजुरीने. जो त्या वेळी दाराच्या आत होता तो सुरक्षित झाला, बाहेरचा बाहेर राहिला. पुढची पन्नास वर्षं छोट्या कंपन्या टिकल्या त्यामागे मालकांची मेहनत होती यात शंकाच नाही, पण तितकाच वाटा या बंद दाराचा होता. ही गोष्ट त्या कंपन्यांच्या गौरवकथांमध्ये हमखास वगळली जाते. कंपनीच्या गाड्या भंगाराच्या भावाच्या असल्या तरी रूटच्या परवान्यामुळे तिला विकत घेणारं गिऱ्हाईक मिळे.

त्या काळात काही घराण्यांनी खरोखर मोठं काम उभं केलं. नॉटिंगहॅमशायरची बार्टन कंपनी १९०८ मध्ये सुरू झाली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या स्वतंत्र कंपन्यांत गणली गेली. डरहॅम परगण्यात बिशप ऑकलंडची ‘ओके मोटर सर्व्हिसेस’ १९१२ पासूनची. स्कॉटलंडच्या एअरशायरमध्ये ‘ए-वन सर्व्हिस’ हा वेगळाच प्रकार होता: अनेक मालक, प्रत्येकाच्या गाड्या स्वतःच्या, पण नाव, रंग आणि वेळापत्रक सगळ्यांचं एक. छोट्यांनी छोटं राहूनही मोठ्यासारखी सेवा कशी द्यावी याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत चांगलं उदाहरण आहे, आणि त्याचा अभ्यास व्हायला हवा तितका झालेला नाही.

१९५० मध्ये पेट्रोलचं रेशनिंग उठलं. दशकभरात मोटारगाड्या वाढू लागल्या, संध्याकाळी सिनेमाला जाणारे लोक घरी टीव्हीसमोर बसू लागले. आधी संध्याकाळच्या फेऱ्यांचं भारमान घसरलं, मग रविवारचं. उतार तिथून सुरू झाला, पण तो इतका हळू होता की बऱ्याच मालकांना तो हिशेबात दिसायला वीस वर्षं लागली.

आता हिशेबाकडे येतो, कारण खरा गाभा तिथे आहे.

समजा कंपनीकडे सात गाड्या आहेत. सकाळी साडेआठला सातही रस्त्यावर हव्यात, कारण शाळा आणि कामाची वेळ एकच असते. साडेदहाला तीन पुरतात. तीन वाजता शाळा सुटल्या की पुन्हा सात. म्हणजे चार गाड्या आणि चार चालक दिवसातले जेमतेम तीन तास कमावतात. विमा, परवाना, शेडचं भाडं आणि घसारा मात्र चोवीस तासांचा असतो. बस कंपनीचा खर्च गर्दीच्या वेळी लागणाऱ्या गाड्यांच्या संख्येवर ठरतो आणि उत्पन्न दिवसभरच्या प्रवाशांवर. धंद्यातला सगळा ताण या दोन आकड्यांमधल्या अंतराचा आहे.

त्यात स्पेअर गाडीचा प्रश्न. शंभर गाड्यांच्या डेपोत दहाएक गाड्या स्पेअर ठेवल्या की देखभाल, तपासणी आणि ब्रेकडाऊन सगळं निभावतं. सात गाड्यांच्या कंपनीत एक गाडी नियमित तपासणीला गेली आणि त्याच दिवशी दुसरीचा गिअरबॉक्स गेला की दोन फेऱ्या रद्द. दोन स्पेअर ठेवाव्यात तर कमावत्या गाड्यांच्या मानाने न कमावणाऱ्यांचं प्रमाण भलतंच वाढतं. छोटेपणाची किंमत मोजावी लागते ती नेमकी इथे.

मग छोटी कंपनी तग कशी धरते? तीन गोष्टींवर. मोठ्या कंपनीने दहा-बारा वर्षं वापरून काढलेली गाडी ती स्वस्तात घेते आणि आणखी आठ-दहा वर्षं चालवते. मालक सकाळी शाळेची फेरी स्वतः मारतो, दुपारी गाडीखाली असतो, रात्री हिशेब लिहितो. त्याची बायको फोन घेते आणि पगारपत्रकं करते. आणि यातलं एकही काम पूर्ण पगाराने खर्चात धरलेलं नसतं. तिसरं म्हणजे कर्जमुक्त जागा: आजोबांनी घेतलेल्या जमिनीवर शेड आहे, त्यामुळे भाडं नाही. या तिन्ही गोष्टी बाजारभावाने खर्चात धरल्या, तर माझ्या पाहण्यातल्या बहुसंख्य छोट्या कंपन्यांचा नफा शून्याखाली जातो. मालकांना हे दाखवणं सोपं नसे. हातात रोख येत असते, बँकेत शिल्लक असते, मुलांची शिक्षणं झालेली असतात. तोटा आहे म्हणता तो आहे कुठे, असं ते विचारत. तो शेडमध्ये उभा असे, दर वर्षी एक वर्षाने म्हातारा होत.

माझं हे म्हणणं पारखून बघायला ब्रिटनच्या इतिहासात एक उत्तम कालखंड आहे. १९६८ च्या ट्रान्सपोर्ट ॲक्टने नव्या बसच्या खरेदीवर सरकारी अनुदान सुरू केलं, आधी किमतीच्या २५ टक्के आणि पुढे ५० टक्के. अट अशी की गाडी वाहकाशिवाय चालवण्याजोगी हवी आणि तिचा निम्मा तरी वापर नेहमीच्या रूटवर व्हायला हवा. लगेच छोट्या कंपन्यांच्या शेडमध्ये कोऱ्या गाड्या दिसू लागल्या. सहलीच्या लक्झरी कोचना खास दुहेरी पाखांचा रुंद दरवाजा बसवून घेतला जाई, म्हणजे ती गाडी आठवडाभर गावच्या रूटवर चालवून अनुदानही मिळवता येई आणि शनिवार-रविवारी समुद्रकिनारी सहलीलाही नेता येई. त्या काळच्या फोटोंमध्ये असे दरवाजे पाहिले की समजावं, ही अनुदानाची गाडी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे अनुदान टप्प्याटप्प्याने बंद झालं, आणि बऱ्याच छोट्या कंपन्यांची शेवटची नवी गाडी त्याच सुमाराची निघते. पुढे सगळा मामला सेकंडहँडचा.

मग दार उघडलं. ६ ऑक्टोबर १९८० पासून लांब पल्ल्याच्या एक्सप्रेस सेवा मुक्त झाल्या. त्याच दिवशी काही स्वतंत्र कोचवाल्यांनी एकत्र येऊन ‘ब्रिटिश कोचवेज’ नावाने सरकारी मालकीच्या नॅशनल एक्सप्रेसला आव्हान दिलं. नॅशनल एक्सप्रेसने भाडी त्यांच्या बरोबरीला आणली आणि फेऱ्या वाढवल्या. देशभरचं जाळं तिच्याकडे होतं आणि लंडनचं व्हिक्टोरिया स्थानकही; नव्यांना तिथे जागा नव्हती. ती युती फार काळ टिकली नाही. सहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९८६ ला, १९८५ च्या कायद्याप्रमाणे लंडन सोडून बाकी ब्रिटनमधल्या स्थानिक बसही मुक्त झाल्या. आता ४२ दिवसांची नोटीस दिली की कोणीही कोणत्याही रूटवर गाडी चालवू शकत होता. गरज सिद्ध करणं नाही, हरकती नाहीत.

छोट्यांना वाटलं, आपले दिवस आले. काही वर्षं आलेही. मोठ्या संस्थांनी काढलेल्या गाड्यांचा बाजारात पूर होता, नोकरी गेलेले अनुभवी चालक उपलब्ध होते, आणि एखाद्या उपनगरातली लोकांना हवी असलेली पण मोठ्यांनी दुर्लक्षित केलेली फेरी हेरायला स्थानिक माणसाला वेळ लागत नव्हता. पण जे दार त्यांच्यासाठी उघडलं, ते त्यांच्या स्वतःच्या रूटवरही उघडलं होतं. परवान्यामुळे कंपनीला जी किंमत होती, ती एका दिवसात नाहीशी झाली.

इथे हेही सांगायला हवं की पुढे महाकाय झालेली स्टेजकोच कंपनी स्वतःच अशी छोटी कंपनी होती. ब्रायन सूटर आणि त्यांची बहीण ॲन ग्लोग यांनी ती १९८० मध्ये स्कॉटलंडच्या पर्थमधून सुरू केली. छोटी कंपनी कधीच मोठी होत नाही, असं नाही. मात्र ती मोठी झाली ती आपले रूट एकेक करून वाढवत गेल्यामुळे नव्हे. सरकारी नॅशनल बस कंपनीचे ७० हून अधिक तुकडे विकायला निघाले तेव्हा तिने त्यांतले काही विकत घेतले, आणि १९९३ मध्ये शेअर बाजारातून भांडवल उभं केलं. ज्याच्याकडे भांडवल उभं करायची वाट होती तो वाढला.

मोठी कंपनी छोटीला हरवते ती दोन पद्धतींनी. एक पद्धत बातम्यांत येते: तुमच्या फेरीच्या दोन मिनिटं आधी आपली गाडी सोडायची, भाडं पाडायचं, प्रसंगी फुकट न्यायचं. १९९४ मध्ये डार्लिंग्टनला हे पूर्ण रूपात दिसलं. नगरपालिकेची कंपनी विक्रीला होती. स्टेजकोचच्या स्थानिक शाखेने तिचे चालक रोख बोनस देऊन आपल्याकडे घेतले आणि फुकट गाड्या सोडल्या. खरेदीदाराने माघार घेतली आणि ती कंपनी त्याच नोव्हेंबरमध्ये बंद पडली. १९९५ मध्ये मोनोपॉलीज अँड मर्जर्स कमिशनने, म्हणजे मक्तेदारीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने, हे वर्तन भक्षक, निंद्य आणि जनहिताविरुद्ध ठरवलं. तोवर कंपनी परत यायची शक्यता उरली नव्हती.

दुसऱ्या पद्धतीची बातमी होत नाही, आणि माझ्या मते तिने जास्त कंपन्या संपवल्या. ती म्हणजे आठवड्याचा पास. मोठ्या कंपनीचा पास शहरभर कुठेही चालतो. तो एकदा खिशात असला की समोर उभी असलेली छोट्या कंपनीची गाडी प्रवासी सोडून देतो, मग ती कितीही स्वच्छ असो आणि चालक कितीही ओळखीचा असो. रोज येणारा प्रवासी असा निसटला की छोट्या कंपनीकडे अधूनमधून येणारा आणि सुटं तिकीट काढणारा उरतो. भाडं कमी करूनही तो रोजचा प्रवासी परत येत नाही, कारण त्याच्या लेखी पुढची प्रत्येक फेरी आधीच फुकट असते.

अशा वेळी बऱ्याच कंपन्या स्पर्धेच्या रूटवरून मागे हटल्या आणि कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, टेंडरवर गेल्या: जिथे कोणी आपणहून गाडी चालवणार नाही अशा खेडेगावच्या, संध्याकाळच्या, रविवारच्या फेऱ्या आणि शाळेचे ठेके. उत्पन्न ठरलेलं, प्रवासी येवोत न येवोत. पहिली काही वर्षं हे फार सुखाचं वाटतं. पण त्यामुळे कंपनीचा ग्राहक बदलतो. प्रवाशाच्या जागी आता कौन्सिलचा एक विभाग ग्राहक असतो, तो काही वर्षांनी सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम देतो, आणि २०१० नंतर कौन्सिलांचे पैसे आटले तेव्हा त्या विभागाने सर्वांत आधी बसचं अनुदान कापलं. एक ठेका गेला की चार गाड्यांचं काम जातं. सात गाड्यांच्या कंपनीत ते निम्म्याहून जास्त असतं.

ज्येष्ठांचा मोफत प्रवास हाही यातलाच धागा. इंग्लंडमध्ये स्थानिक पातळीवर तो एप्रिल २००६ पासून आणि देशभर एप्रिल २००८ पासून आला. समाजासाठी ती चांगली गोष्ट आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. मात्र कंपनीला भरपाई मिळते ती ‘योजना नसती तर जितकं मिळालं असतं तितकं’ या तत्त्वावर, म्हणजे प्रत्येक पासधारकामागे पूर्ण तिकिटाहून बरीच कमी. शहरातल्या गाडीत पासधारक प्रवाशांचा एक भाग असतात. खेड्याच्या रूटवर सकाळी दहाच्या फेरीला जवळजवळ सगळेच. गाडी भरलेली दिसते, गाव खूश असतं, आणि मालकाला कळत नाही की भरलेली गाडी तोट्यात कशी.

आता घसाऱ्याचा मुद्दा पूर्ण करतो. २००० साली सार्वजनिक वाहनांच्या सुगम्यतेचे नियम आले: व्हीलचेअर चढेल अशी गाडी, ठरावीक उंचीच्या पायऱ्या, ठसठशीत दिसणारे दांडे. जुन्या गाड्यांना मुदत दिली होती: एकमजली बसना १ जानेवारी २०१६, डबलडेकरना २०१७, कोचना २०२०. नियम योग्यच होते, आणि पंधरा वर्षांचा अवधी कमी नव्हता. मोठ्या कंपन्या तशाही दर वर्षी थोड्या नव्या गाड्या घेत होत्या. त्यांच्यासाठी मुदत आली आणि गेली. ज्याने पंधरा वर्षं एकही नवी गाडी घेतली नव्हती, त्याची सगळी शेड एका तारखेला बाद होणार होती. २०१५ च्या सुमारास बंद होण्याच्या ज्या सूचना लागल्या, त्यांत नियमांना दोष दिलेला असे. मला विचाराल तर नियमांनी फक्त तारीख ठरवली.

आणि वारस. मुलाने लहानपणापासून वडिलांना पहाटे पाचला उठून इंजिन गरम करताना, आणि चालक आजारी म्हणून नाताळच्या आठवड्यात स्वतः गाडी काढताना पाहिलेलं असतं. त्याला दुसरी नोकरी मिळते आणि तो जातो. परवान्यासाठी पात्रता असलेला ट्रान्सपोर्ट मॅनेजर लागतो, चांगली वर्तणूक लागते, बँकेत ठरावीक रक्कम दाखवावी लागते. पात्र मॅनेजर वडील स्वतःच असतील तर त्यांच्या निवृत्तीबरोबर त्या जागी पगारी माणूस आणावा लागतो, आणि तो पगार गाड्या चालवून निघत नाही. त्याच वेळी एखादा बिल्डर शेडच्या जागेसाठी विचारतो. गावाबाहेरची ती जागा आता गावाच्या मध्यात आलेली असते, आणि गाड्या, रूट व नाव मिळून जेवढं येईल त्याच्या कितीतरी पट फक्त जमिनीचं येतं. अशा वेळी विकणाऱ्याला मी कधीच दोष दिलेला नाही. बार्टन १९८९ मध्ये ट्रेंट या बस कंपनीकडे गेली, ओके आणि ए-वन दोन्ही १९९५ मध्ये मोठ्या समूहांकडे. घराण्याने चांगली किंमत घेऊन बाहेर पडणं हेही या धंद्यातलं एक यशच आहे. नुकसान होतं ते गावाचं. ज्याला दारात गाठून सांगता येत होतं की सव्वानऊची गाडी दवाखान्याच्या वेळेला जुळत नाही, तो माणूस निघून जातो.

आतून पोखरलेली कंपनी बाहेरूनही ओळखता येते, आणि क्रम सहसा ठरलेला असतो. आधी संध्याकाळची शेवटची फेरी जाते. मग गाड्यांवर एकसारखा रंग राहत नाही, कारण विकत घेतलेली गाडी आधीच्या मालकाच्याच रंगात रस्त्यावर येते. मग एक गाडी शेडच्या कोपऱ्यात उभी राहते आणि तिचे सुटे भाग दुसऱ्या गाड्यांत जाऊ लागतात. चालक बदलतात. शाळेची फेरी वेळेवर, पण दहाची फेरी रद्द, कारण ठेक्याचा दंड टाळायचा असतो. सुरक्षा तपासणीच्या तारखा लांबल्या की प्रकरण ट्रॅफिक कमिशनरसमोर जातं, आणि तिथून परत येणाऱ्या कंपन्या कमी. क्रमातल्या तिसऱ्या पायरीपर्यंत काही करता येतं. त्यानंतर विकायलाही उशीर झालेला असतो.

उरलेल्यांकडे पाहिलं की हेच उलट्या बाजूने दिसतं. लिंकनशायरमधल्या बोर्नची डिलेन कंपनी १८९० पासून त्याच कुटुंबाकडे आहे. तिच्याकडे पीटरबरोकडे जाणारा एक मजबूत रूट आहे, तिथे ती नेमाने आणि वारंवार गाड्या सोडते, आणि तिने नव्या गाड्या घेणं थांबवलेलं नाही. तिचं आटोपशीर जाळं पाहून कोणाला ती महत्त्वाकांक्षा नसलेली कंपनी वाटेल. मला तिथे हिशेब पक्का दिसतो: जेवढ्या गाड्या आपल्या कमाईतून नव्याने घेता येतील तेवढ्याच चालवायच्या.

प्रश्नाला जोडून येणारी शंका अशी की आज अशी कंपनी नव्याने काढता येईल का. नियम अजून परवानगी देतात. पण ग्रेटर मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात सगळ्या बस सरकारी नियंत्रणाखालच्या ठेक्यांत आणल्या, आणि इतर शहरंही त्या वाटेवर आहेत. तिथे रूट, भाडं आणि रंग सरकार ठरवणार. कंपनीने चालक आणि व्यवस्थापन पुरवायचं. गाड्या आणि डेपो सरकारी असतील तर छोट्या कंपनीचं सर्वांत जुनं दुखणं, गाडी बदलायला पैसा कुठून आणायचा, तिच्या डोक्यावरून उतरतं. त्याचबरोबर कोणती फेरी कुठे हवी हे स्वतः ठरवण्याचा तिचा एकमेव खरा गुणही उपयोगाचा राहत नाही. खेड्यांच्या भागात, जिथे अजून कोणी ठेके काढणार नाही, तिथे जागा आहे. ज्याला उतरायचं असेल त्याने पहिल्या दिवसापासून स्वतःचा पगार बाजारभावाने खर्चात लिहावा, आणि प्रत्येक गाडीमागे नव्या गाडीच्या किमतीचा वार्षिक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा. एवढं करूनही वर्षअखेर काही उरत असेल तर रूट चालवावा. उरत नसेल तर कौन्सिलकडे जाऊन दर वाढवून मागावा, आणि तो मिळाला नाही तर रूट बंद करण्याची नोटीस द्यावी, गाड्या विकण्याजोग्या आहेत तोवर.